तारेच्या शेवटचे घर

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वस्त्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयास ऊसतोड्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथील हिशेब आहे. घरास कुलूप लागते, किंवा एक खोली कुलपाआड ठेवून उरलेल्या घरात म्हातारा-म्हातारी आणि शाळेत जाणारे नातवंड मागे राहते. पुढील पाचसहा महिने या घरास सोबत दोनच वस्तूंची. एक मुलाचा फोन, आणि दुसरी भिंतीवरील दूरचित्रवाणी. म्हातारीस संध्याकाळचे कीर्तन पाहिजे, म्हाताऱ्यास हवामान आणि बातम्या. अशा घरात ऐन कीर्तनाच्या वेळी बुवांचा चेहरा चौकोनाचौकोनांनी फुटू लागला, शब्द अर्ध्यावर तुटू लागले आणि शेवटी काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी उमटली, तर ती अडचण क्षुल्लक म्हणता येत नाही. शिवाय या अडचणीवर गावात जो उपाय सांगितला जातो, तो बहुधा पैसे खर्चावयाचा असतो. बूस्टर आणा, नवा बॉक्स घ्या, संपूर्ण वायर बदला. पैसा मात्र त्याच उचलीतून यावयाचा असतो.

म्हणून हा क्षीण झालेला संदेश, ज्यास घरोघर ‘सिग्नल’ म्हणतात, तो वाटेत कोठे गळतो आणि ती गळती घरच्या घरी कशी हुडकावी, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

तारेतून चित्र आणण्याची युक्ती मुळात डोंगराळ मुलखाची. 1948 च्या सुमारास अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया व ऑरेगन प्रांतांतील डोंगरांआड असलेल्या गावांत शहरातील प्रक्षेपण पोहोचेना, तेव्हा तेथील काही खटपट्या मंडळींनी उंचावर आकाशी, म्हणजे अँटेना, उभारून तेथून तार ओढली आणि ती घरोघर वाटली. ज्या जातीची तार त्यासाठी लागते, तिची मूळ कल्पना त्याहूनही जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड या स्वयंशिक्षित इंग्रज शास्त्रज्ञाने 1880 मध्येच तिचे पेटंट घेतले होते. मध्ये तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरा निरोधक, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांवर काळे आवरण, अशी तिची घडण. आतील तार संदेश वाहते. भोवतालची जाळी परतीची वाट होते, आणि शिवाय बाहेरचा गलबला आत व आतील संदेश बाहेर जाऊ देत नाही. ही जाळी म्हणजे नुसते चिलखत नव्हे, तर वाहकाचाच अर्धा भाग होय. ही गोष्ट विसरल्यामुळे घरगुती दुरुस्तीत निम्म्या चुका होतात.

बालाघाटाच्या रांगांनी अडविलेल्या या जिल्ह्यासही तारेची गरज तशीच होती. अंबाजोगाईस दूरदर्शनचा मनोरा होता, तेव्हा घराघरांवर बांबूस बांधलेली ॲल्युमिनियमची आकाशी दिसे. एकाने माळवदावर चढून ती फिरवावी, खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडावे, हा खेळ त्या पिढीने पुष्कळ खेळला आहे. दूरदर्शनची ही जुन्या पद्धतीची भूमीवरील प्रक्षेपणे देशात 2022 पर्यंत बहुतेक सर्वत्र बंद झाली. तत्पूर्वीच, 1991 नंतर, उपग्रहावरील वाहिन्या आल्या आणि त्या तारेतून वाटणारा केबलवाला गावोगाव उभा राहिला. या धंद्यास 1995 मध्ये कायद्याची चौकट मिळाली. पुढे अंकीय पद्धत सक्तीची झाली. मुंबईसारख्या महानगरांत ती 2012 मध्ये आली. लहान शहरांसाठी 2015 ची अखेर व खेड्यांसाठी 2017 चा मार्च अशा मुदती ठरल्या, आणि बीडच्या खेड्यांतही प्रत्येक संचाशेजारी सेट-टॉप बॉक्स येऊन बसला.

या फेरबदलाने दोषाचे रूपच पालटले, आणि ते अद्याप पुष्कळांच्या ध्यानी आलेले नाही. जुन्या पद्धतीत संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत. थोडा क्षीण तर थोड्या मुंग्या, फार क्षीण तर मुंग्यांचे वारूळ. रोग किती बळावला हे डोळ्यांस दिसे. अंकीय पद्धतीत तसे होत नाही. संदेश काही प्रमाणात घटला तरी बॉक्स आपली चूक-दुरुस्तीची विद्या वापरून चित्र अगदी स्वच्छ दाखवितो. त्या विद्येची मर्यादा ओलांडली की मात्र चित्र एकाएकी कोसळते. काल स्वच्छ असलेले चित्र आज फुटले, म्हणजे दोष आजचाच, असे म्हणूनच मानता येत नाही. तो दोन वर्षांपासून मुरत असेल आणि आज केवळ शेवटची काडी पडली असेल.

ही काडी कोणती, हे समजण्यास पाटाच्या पाण्याचा दाखला पुरेसा आहे. पैठणहून जायकवाडीचा उजवा कालवा 132 किलोमीटर वाहत माजलगावच्या जलाशयाकडे येतो. अशा कोणत्याही कालव्याच्या शेवटी ज्याचे शेत, त्यास ठाऊक असते की वर प्रत्येक चारीने पाणी उचलले, प्रत्येक भेगेने थोडे पिले, आणि जे राहिले ते आपल्या वाट्यास आले. तारेचेही तसेच. घरात वापरतात त्या आरजी-6 जातीच्या तारेत वरच्या कंप्रतेचा संदेश शंभर मीटर गेला की सुमारे 19 ते 20 डेसिबेल घटतो. 20 डेसिबेल घटणे म्हणजे शंभर भागांतील एक भाग उरणे. उलट खालच्या कंप्रतेचा संदेश तेवढ्याच अंतरात पाचसहा डेसिबेलच गमावतो, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा तरी पोहोचतो. एकाच तारेतून एकाच वेळी जाणाऱ्या वाहिन्यांत हा असा पंक्तिप्रपंच आहे. म्हणून तारेच्या शेवटी असलेल्या घरात काही वाहिन्या ठणठणीत आणि काही फुटक्या, असे दृश्य दिसते व घरधनी बुचकळ्यात पडतो. अंकीय पद्धतीत एका कंप्रतेवर दहापंधरा वाहिन्यांचा गठ्ठा बांधलेला असतो. गठ्ठा बिघडला की त्यातील सर्व वाहिन्या एकदम जातात, मग त्यांचे क्रमांक यादीत एकमेकांपासून कितीही दूर असोत.

आता पुन्हा त्या वस्तीवरील घराकडे यावे. घर कोणतेही धरावे. म्हातारा, म्हातारी, आणि नववीत शिकणारी नात. संध्याकाळी चित्र फुटले. म्हाताऱ्याने संचास दोन थपडा मारून पाहिल्या. हा उपाय पूर्वीच्या संचांस क्वचित लागू पडे, परंतु हल्लीच्या बारीक संचास तो केवळ अपमान होय. केबलवाल्यास फोन केला, तेव्हा त्याने ‘बूस्टर लावावा लागेल, आजोबा’ असे सांगून खर्चाचा आकडा ऐकविला. केबलवाला लबाडच असतो असे नव्हे. दहा वस्त्यांची तार एकट्याने सांभाळावयाची, दुचाकीवर शिडी बांधून फिरावयाचे, यात त्यास प्रत्येक घरी बसून शोध घेण्यास सवड नसते. शोध घरच्यांनीच घ्यावा हे बरे.

पहिला प्रश्न शेजाऱ्यास विचारावयाचा. दोष या घराचा की सगळ्या आळीचा? खेड्यांतून संदेश वाढविणारे यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर, बहुधा कोणाच्या तरी ओसरीवर बसविलेले असते व त्या घराची वीज त्यास पुरविलेली असते. मोबदल्यात त्या घरास फुकट जोडणी मिळते. त्या घरची वीज गेली, किंवा घरच्या बाईने अनवधानाने बटण बंद केले, की आपल्या घरी वीज असूनही आळीभर काळोख. अशा वेळी घरातील तारा उचकटीत बसणे म्हणजे विहीर आटली असता रहाटास तेल घालणे. नातीने शेजारी विचारले. तेथे चित्र स्वच्छ होते.

दुसरे, पडद्यावर काय लिहून येते ते नीट वाचावे. ‘या वाहिनीचे सभासदत्व नाही’ अशा अर्थाची पाटी आली तर संदेश पोहोचतो आहे, पैसे पोहोचलेले नाहीत. त्यास क्षीणतेचा रोग म्हणू नये. पाटी ‘सिग्नल नाही’ अशी असेल तर ती संचाची आहे की बॉक्सची, तेही पाहावे. संच आणि बॉक्स यांमधील छोटी वायर निसटली, किंवा रिमोटचे बटण चुकून दाबले जाऊन संच दुसऱ्याच वाटेकडे डोळे लावून बसला, तरी हीच पाटी येते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी दुरुस्तीच्या निम्म्या फेऱ्या या एका बटणापायी होत असाव्यात.

तिसरी गोष्ट फार उपयोगाची, आणि बहुतेक कोणी पाहतच नाही. बॉक्सच्या मेनूत शोधले असता संदेशाची माहिती देणारे एक पान निघते. त्यावर दोन पट्ट्या असतात. एक बळाची, दुसरी गुणवत्तेची. बळ म्हणजे पाणी किती येते, गुणवत्ता म्हणजे ते किती स्वच्छ येते. दोन्ही कमी असतील तर वाटेत गळती आहे. बळ पुष्कळ आणि गुणवत्ता कमी असेल तर वाटेत घाण मिसळते आहे, म्हणजे जाळी तुटली आहे, सांधा सैल आहे, किंवा कोणी गरजेहून मोठा बूस्टर लावला आहे. संदेश अति प्रबळ झाला तरी बॉक्सच्या प्रवेशाशीच त्याचा चोथा होतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, परंतु ॲम्प्लिफायरच्या अगदी लगतच्या घरात ती घडते. या घरात दोन्ही पट्ट्या खाली होत्या. गुणवत्तेची पट्टी तर वाऱ्यावरील ज्योतीसारखी हलत होती.

मग संचाच्या व बॉक्सच्या विजेची पिन काढून ठेवून तारेस हात घालावा. हा क्रम मोडू नये. केबलची तार पुष्कळ ठिकाणी विजेच्याच खांबांवरून येते. कोठे विद्युतवाहिनीस ती घासली असेल तर तिच्या जाळीत वीज उतरलेली असू शकते. जेथे ॲम्प्लिफायरास तारेतूनच शक्ती पुरवितात, तेथे त्या मुख्य तारेत 60 व्होल्टपर्यंत दाब असतो. सबब खांबावर चढणे, मुख्य तार सोलणे, हे घरच्यांनी कदापि करू नये. रोहिणी-मृगाच्या वळिवात आभाळ गर्जू लागले की तारेचा स्क्रू गडगडाट जवळ येण्याआधीच बॉक्समागून काढून ठेवावा. वीज चमकू लागल्यावर तिला हात लावू नये.

बॉक्समागील पिन नातीने फिरवून काढली. पिनेच्या मध्यातून तांब्याची तार दोनतीन मिलिमीटर बाहेर दिसावी, ती सरळ व लखलखीत असावी, आणि जाळीचा एकही केस तिला टेकलेला नसावा. एक केस टेकला तरी संदेश तेथेच जमिनीत जिरल्यासारखा होतो. येथे तार हिरवट पडली होती. पावसाळ्यात छपराखालच्या भोकातून तार उतरताना पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट पिनेपर्यंत आले होते. घरात शिरण्यापूर्वी तारेस बाहेर खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. हे घर शाकारणाऱ्यास सांगावे लागत नाही, परंतु तार ओढणाऱ्यास सांगावे लागते. नातीने टोकाचा इंचभर भाग कापला, नवे टोक सोलले, जाळी मागे दुमडून पिन पुन्हा घट्ट बसविली. पट्ट्या थोड्या चढल्या. कीर्तन त्या रात्री पूर्ण झाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चित्र पुन्हा फुटले.

दुपार आणि रात्र यांत फरक पडतो, हे ऐकून पुष्कळ लोक हसतात. पण तार तापली की तिची गळती वाढते. दर पाच अंशांस सुमारे शेकडा एक, असे त्याचे मान आहे. घरातील वीसतीस मीटर तारेत हा फरक नगण्य होय. पण वस्तीपर्यंत उन्हात लोंबत आलेल्या लांबच लांब तारेत तो साठत जाऊन दोनतीन डेसिबेलांवर जातो. ज्याचे पोट भरलेले आहे त्यास दोन घास कमी पडल्याने काही होत नाही. काठावर जगणाऱ्यास होते. दुपारी फुटून रात्री जुळणारे चित्र हेच सांगते की हे घर अगदी काठावर आहे, आणि अजून कोठे तरी गळती शिल्लक आहे. दोष एकटा क्वचितच येतो. एक सापडला की शोध थांबविण्याचा मोह होतो, तो आवरावा.

याच ठिकाणी बूस्टरची गोष्ट निघते. बूस्टर ही वाईट वस्तू नव्हे. ती कोठे लावावी एवढाच प्रश्न आहे. गळतीच्या आधी, पाणी भरपूर व स्वच्छ असताना, तिचा उपयोग होतो. गळतीच्या नंतर, संचाशेजारी लावली तर ती संदेशासवे खरखरही तितकीच वाढविते आणि स्वतःची थोडी भर घालते. कोरड्या पडत चाललेल्या चारीच्या टोकास मोठे इंजिन लावले तर पाणी वाढत नाही, गाळ वर येतो. बळाची पट्टी वर चढते, गुणवत्तेची जेथल्या तेथे राहते किंवा खाली जाते, आणि घेणारा फसगत झाल्याचे दोन महिन्यांनी ओळखतो. बूस्टर विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. बॉक्स व संच उचलून, जेथून तार घरात शिरते त्या जागी न्यावा आणि येणारी तार मधल्या कोणत्याही जोडाशिवाय थेट बॉक्सला लावावी. तेथे चित्र स्वच्छ आले तर दोष घरात आहे. तेथेही फुटले तर दोष बाहेर आहे व तो निस्तरणे केबलवाल्याचे काम, त्यात घरधन्याने एक पैसाही घालण्याचे कारण नाही. बॉक्सचाच संशय असेल तर त्याच केबलवाल्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे शेजारचा, बॉक्स घटकाभर आणून लावावा. शंका फिटते.

नातीने संच ओसरीवर आणला. म्हातारी दारात उभी राहून ‘अगं, फोडशील त्याला’ म्हणत होती. येणाऱ्या तारेच्या टोकास बॉक्स लावताच, भर दुपारी, चित्र आरशासारखे स्वच्छ.

म्हणजे दोष या टोकापासून संचापर्यंतच्या आठदहा हातांतच होता. तार भिंतीने गेली होती ती बोटाने चाचपीत मुलगी चालली, आणि आढ्याखाली, कोळिष्टकांत, एक बोटभर डबी लागली. एक तार आत, दोन बाहेर. हिला स्प्लिटर म्हणतात. दोन वाटांच्या डबीत संदेशाचे दोन समान भाग होतात व डबीची स्वतःची तूट धरून प्रत्येक वाटेत साडेतीन डेसिबेल कमी होतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी उरते. चार वाटांच्या डबीत सुमारे सात कमी होतात. पलीकडे संच असो वा नसो, डबी वाटणी करीतच राहते. तिला काय ठाऊक की पलीकडचे माणूस जेवावयास नाही!

‘आबा, ही दुसरी वायर कुठं गेली?’

‘तुझ्या बापाच्या खोलीत. लग्नात त्यानं निराळा टीव्ही घेतला होता ना.’

खोलीस दसऱ्यापासून कुलूप होते. संच खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेला. तारेचे टोक भिंतीशी तसेच लोंबत राहिले होते, आणि किल्ली आणून पाहिले तेव्हा ते उंदरांनी कुरतडलेले निघाले. जाळी व आतली तार एकमेकींत गुंतून बसल्या होत्या. अशा टोकावर संदेश आदळून मागे परततो आणि पहिल्या वाटेत थोडा घोळ घालतो, ही तूट निराळीच. कुलपाच्या खोलीस निम्मा वाटा जात होता आणि तो तेथे कोणाच्याही कामी येत नव्हता. पावसाने पिन गंजेपर्यंत हे खपून गेले. त्यानंतर खपेना.

उपाय म्हणावा तर हा एवढाच. डबी काढावयाची, आणि आत येणारी तार व संचाकडे जाणारी तार एका साध्या जोडणीने सांधावयाची. अशी जोडणी तालुक्याच्या दुकानात किरकोळ दरात मिळते व गावात ‘जॉइंटर’ म्हणून ओळखली जाते. तारांची टोके त्यापूर्वी ताजी कापून घ्यावी, पिना हाताने हलविल्या तरी हलणार नाहीत इतक्या घट्ट असाव्यात. दोन तारा सोलून एकमेकींस पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळण्याची जी सर्वत्र रूढ रीत आहे, ती विजेच्या तारेस एक वेळ चालेल, या तारेस नाही. जाळीचा वेढा तेथे तुटतो व त्या फटीतून पाण्याच्या मोटारीची, मिक्सरची खरखर आत शिरते. मोटार सुरू होताच ज्यांचे चित्र फुटते, त्यांनी असा पीळ घातलेला जोड प्रथम शोधावा.

संध्याकाळी पट्ट्या दोन्ही वर होत्या आणि हलत नव्हत्या. केबलवाल्यास फोन करून बूस्टर नको म्हणून कळविले, तेव्हा त्याने काय केले ते विचारून घेतले आणि पलीकडच्या वस्तीवरही दोन कुलपाच्या खोल्या आहेत, उद्या पाहतो, असे म्हणाला.

रात्री मुलाचा फोन आला. तो कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत होता. मागे गाडीवानांचा गलका ऐकू येत होता. टीव्ही नीट झाल्याचे म्हातारीने सांगितले. कसा, ते मात्र नातीने सांगितले, आणि बापाच्या खोलीची वायर काढली म्हणताना ती जरा थांबली. पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘राहू दे, आम्ही आल्यावर लावू,’ तो म्हणाला.

म्हाताऱ्याने ती बोटभर डबी टाकू दिली नाही. फडक्यात बांधून, बाजूस तिच्या दोन पिना ठेवून, ती देवाच्या कोनाड्याशेजारच्या फळीवर ठेविली. मंडळी चैत्र-वैशाखात परततील तेव्हा ती पुन्हा लागणारच होती.